जो दाखला अस्तित्वातच नाही, तो मागू नका : कोल्हापुरातील गृहनिर्माण संस्थांच्या समित्यांना खुले पत्र

प्रति,
कोल्हापूर शहरातील सहकारी गृहनिर्माण संस्थांचे अध्यक्ष, सचिव आणि व्यवस्थापक समित्यांचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी ज्या संस्थेची सभासद आहे तिच्या सर्वसाधारण सभेत नुकताच एक ठराव बहुमताने मंजूर झाला. ज्या सभासदाला सदनिकेत कुत्रा ठेवायचा असेल त्याने तो कुत्रा भावनिक आधारासाठी आवश्यक असल्याचा शासनमान्य दाखला जूनअखेरपर्यंत सादर करावा, अन्यथा कुत्रा इमारतीबाहेर हलवावा, असा त्याचा आशय आहे. माझ्या समितीकडे मी लेखी हरकत नोंदवली आहे आणि विषय तेवढ्यावर थांबवता आला असता. परंतु याच मजकुराचे ठराव शहरातील आणखी काही संस्थांत चर्चेला आल्याचे ओळखीच्या लोकांकडून समजले. एका संस्थेचा मसुदा दुसरी संस्था जसाच्या तसा उचलते हे आपण सारे जाणतो, म्हणून ही बाब सर्वांसमोर मांडत आहे. माझ्या संस्थेचे नाव मात्र लिहीत नाही, कारण तेथील माणसे माझे शेजारी आहेत आणि उद्याही राहणार आहेत.

या विषयाशी माझा संबंध काय, ते आधी सांगते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांची पातळी ओलांडली, तेव्हा आम्ही जयंती नाल्याजवळ राहत होतो. बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, हे नदीकाठच्या पेठांतले लहान मूलही सांगेल. त्या वर्षीचे पाणी त्याच्या कितीतरी वर गेले. रात्रीत जिन्यापर्यंत पाणी चढले आणि पाचवीत शिकणाऱ्या माझ्या मुलाला आजीबरोबर वरच्या मजल्यावर बसून बोटीची वाट पाहावी लागली. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा तोच प्रसंग आला. त्यानंतर आम्ही ते घर सोडले आणि उंचावरच्या भागात सदनिका घेतली, परंतु घर बदलल्याने मुलाची भीती गेली नाही. आता तो कनिष्ठ महाविद्यालयात आहे. जून लागला की तो मध्यरात्री उठून फोनवर बंधाऱ्याची पातळी बघतो, राधानगरीचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले ते बघतो, आणि मोठी सर लागली की त्याची छाती धडधडू लागते, हात गार पडतात, श्वास पुरेनासा होतो. मनोविकारतज्ज्ञांकडे त्याचे नियमित उपचार चालू आहेत, औषधे चालू आहेत, समुपदेशनही चालू आहे.

चिंगी ही आमच्याकडे आलेली गावठी कुत्री. तिला कोणी काही शिकवलेले नाही. पार्किंगच्या पत्र्यावर पाऊस वाजू लागला की माझा मुलगा खिडकीपासून दूर, आतल्या बोळात भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसतो. चिंगी येते आणि आपले सगळे वजन त्याच्या पावलांवर टाकून आडवी पडते. तो तिच्या मानेजवळच्या केसांत बोटे घालतो, तिच्या बरगड्यांच्या वर-खाली होण्याशी आपला श्वास जुळवत जातो, आणि थोड्या वेळाने त्याला बोलता येऊ लागते. पूर्वी अशा वेळी त्याला आम्हा कोणाचा स्पर्शही सहन होत नसे. जो मुलगा पावसाळाभर दाराबाहेर पडत नव्हता, तो आता तिला फिरवायचे म्हणून पहाटे छत्री घेऊन रंकाळ्यापर्यंत जाऊन येतो. डॉक्टरांनी हा बदल तपासणीत पाहिला, केसपेपरवर नोंदवला, आणि मी विनंती केल्यावर तसे पत्रही दिले.

ते पत्र आमच्या समितीने स्वीकारले नाही. येथून माझ्या तक्रारी सुरू होतात.

पहिली आणि मुख्य तक्रार अशी की, ठरावात मागितलेला शासनमान्य दाखला भारतात कोणतेही कार्यालय देत नाही. भावनिक आधार देणारा प्राणी असा वर्ग आपल्या कोणत्याही केंद्रीय किंवा राज्य कायद्यात नाही. त्यामुळे त्याची नोंदणी नाही, अर्जाचा नमुना नाही आणि सही करणारा अधिकारीही नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार दिले आहेत आणि मानसिक आजार त्यांपैकी एक आहे हे खरे. परंतु त्या कायद्याखाली मिळणारे प्रमाणपत्र माणसाच्या दिव्यांगत्वाविषयी असते. त्यात कुत्र्याचा उल्लेख करायला रकाना नाही. शिवाय ज्याला उपचार लागतात अशी प्रत्येक व्यक्ती दिव्यांग ठरतेच असे नाही. जी अट कोणीही माणूस पुरी करू शकत नाही ती घालणे म्हणजे सरळ बंदी घालणेच होय, आणि बंदीच घालायची असेल तर ठरावात तसे लिहावे.

ही कल्पना कोठून आली तेही सांगितले पाहिजे, कारण सभेत तिचा आधार म्हणून अमेरिकेचे नाव घेतले गेले. तेथे फेअर हाउसिंग अ‍ॅक्ट या घरांविषयीच्या कायद्याखाली, दिव्यांगत्वामुळे ज्याला अशा प्राण्याची गरज आहे अशा भाडेकरूला 'प्राणी चालणार नाहीत' या नियमातून सवलत मागता येते, आणि गरज उघड दिसत नसेल तर उपचार करणाऱ्या व्यावसायिकाचे पत्र त्यासाठी वापरले जाते. म्हणजे तेथेही पात्रता ठरते ती डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञाच्या पत्राने; सरकारी नोंदवही तेथेही नाही. दुकाने, उपाहारगृहे वगैरे सार्वजनिक ठिकाणांसाठीचा त्यांचा कायदा वेगळा आहे. त्यात विशिष्ट काम शिकवलेल्या कुत्र्यालाच, उदाहरणार्थ अंध व्यक्तीला वाट दाखवणाऱ्या किंवा फिटच्या झटक्याची सूचना देणाऱ्या कुत्र्याला, प्रवेशाचा हक्क आहे. नुसत्या सोबतीने दिलासा देणारा कुत्रा त्या व्याख्येत येत नाही. विमानातील सवलतही डिसेंबर २०२० च्या नियमाने काढून घेण्यात आली आणि जानेवारी २०२१ पासून विमान कंपन्यांना असा कुत्रा साधा पाळीव प्राणी म्हणून धरण्याची मुभा मिळाली. तेव्हा अमेरिकेत असा कुत्रा घेऊन कोठेही जाता येते हा समजही चुकीचा आहे आणि तेथे सरकार दाखला देते हा समजही चुकीचा आहे. आपल्या ठरावाने तेथील सवलत घेतली नाही, आणि जी अट घेतली ती तेथेही नाही.

दुसरी तक्रार लिहिताना मला दुःख होते. डॉक्टरांचे पत्र नाकारल्यानंतर समितीतील एका सद्गृहस्थांनी, माझ्या अडचणीवर तोडगा म्हणून आणि माझ्या माहितीप्रमाणे चांगल्या हेतूनेच, मला एका परदेशी संकेतस्थळाची माहिती पाठवली. तेथे काही प्रश्नांची उत्तरे देऊन पैसे भरले की कुत्र्याच्या नावाचे ओळखपत्र, प्रमाणपत्र आणि अंगावर घालायचे जाकीट घरपोच येते. ते आणा, आम्ही चालवून घेऊ, असे मला सांगण्यात आले. अशा विकतच्या प्रमाणपत्रांविषयी अमेरिकेच्या गृहनिर्माण खात्यानेच जानेवारी २०२० च्या सूचनापत्रात म्हटले होते की, पैसे भरणाऱ्या कोणालाही मिळणारा असा कागद गरज सिद्ध करायला पुरेसा नाही. कॅलिफोर्नियाने तर १ जानेवारी २०२२ पासून असा कायदा लागू केला की, पत्र देणाऱ्या व्यावसायिकाचा त्या व्यक्तीशी किमान ३० दिवस आधीपासून संबंध असला पाहिजे. जेथे हा धंदा वाढला तेथेच त्याला आवर घालण्याची वेळ आली, आणि तोच धंदा आपण कोल्हापुरात आणू पाहत आहोत. ज्या डॉक्टरांनी माझ्या मुलाला दीर्घकाळ तपासले त्यांच्या सहीपेक्षा, त्याला कधीही न पाहिलेल्या दुकानाचे छापील कार्ड समितीला अधिक मान्य वाटावे, हे मला पटत नाही. ते कार्ड मी मागवले नाही आणि मागवणारही नाही.

तिसरी तक्रार गोपनीयतेची आहे. सभेत सर्वांसमोर मला विचारण्यात आले की मुलाला नेमका आजार कोणता, गोळ्या कोणत्या चालू आहेत, आणि तो कोणाच्या अंगावर तर जात नाही ना. संध्याकाळपर्यंत संस्थेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर त्याच्याविषयी तर्क सुरू झाले, आणि तो गट त्याच्या वर्गमित्रांचे आईवडीलही वाचतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाचे कलम २३ मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला तिचा आजार आणि उपचार यांविषयी गोपनीयतेचा हक्क देते. त्याच कायद्याचे कलम ३ असे सांगते की, उपचाराशी थेट संबंधित कारण किंवा कायद्याने सांगितलेली बाब असल्याखेरीज कोणत्याही व्यक्तीने अथवा प्राधिकरणाने कोणाचे वर्गीकरण मानसिक रुग्ण म्हणून करू नये. पार्किंग, पाणीपट्टी आणि लिफ्टची दुरुस्ती हे विषय ज्या सभेत निघतात, त्याच सभेत एका अल्पवयीन मुलाच्या निदानावर हात वर करून मतदान व्हावे, यासारखी दुसरी अनुचित गोष्ट मला सांगता येणार नाही. त्या दिवसानंतर तो लिफ्ट वापरत नाही; कोणी भेटू नये म्हणून जिन्याने जातो.

चौथी बाब थोडक्यात. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या एका सभासदाला आमच्याच समितीने डॉक्टरांच्या साध्या चिठ्ठीवर लिफ्टजवळची पार्किंगची जागा दिली, आणि ते योग्यच केले. त्या वेळी शासनमान्य दाखला कोणी मागितला नाही, चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांच्या प्रामाणिकपणाविषयी शंकाही घेतली नाही. मनाच्या डॉक्टरचे पत्र मात्र "असे कोणीही लिहून देईल" म्हणून बाजूला ठेवले गेले. आरोग्यसेवा देताना मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने वागवावे, असे २०१७ च्या कायद्याचे कलम २१ सांगते. ते सेवा देणाऱ्यांसाठी असले, तरी त्यामागचा विचार एका इमारतीला पाळता न येण्याइतका अवघड नाही.

पाचवी बाब अशी की, मुळात हा दाखला मागण्याची गरजच नव्हती. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ हे प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० खाली स्थापन झालेले वैधानिक मंडळ आहे. रहिवासी संघटना आणि सदनिकाधारकांच्या संस्थांसाठी त्याने २६ फेब्रुवारी २०१५ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या. सर्वसाधारण सभेचे बहुमत असले तरी पाळीव कुत्रा ठेवण्यावर बंदी घालता येत नाही, असे त्यांत स्पष्ट लिहिले आहे. कुत्रा लहान की मोठा यावरून भेद करू नये आणि लिफ्ट वापरण्यास मनाई करू नये, असेही त्यांत आहे. म्हणजे माझ्या मुलाला कोणताही आजार नसता, तरी चिंगीला घरात ठेवण्याचा आमचा अधिकार एवढाच राहिला असता. आजाराचा विषय ठरावाने काढला आहे, मी काढलेला नाही.

आता आपली बाजू. ती मला दिसत नाही असे कृपा करून समजू नका. या शहरात कुत्रा चावण्याची भीती खरी आहे. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर तो रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि पहाटे भाजी आणायला किंवा शिकवणीला निघालेल्या माणसाच्या मागे कुत्र्यांची टोळी लागते तेव्हा कायद्याची कलमे आठवत नाहीत. आमच्या मजल्यावरील एका आजींना कुत्र्याची मनापासून भीती वाटते. त्यांच्या भीतीला माझ्या मुलाच्या भीतीइतकाच मान मिळाला पाहिजे, आणि म्हणून चिंगीला नेण्या-आणण्याच्या वेळा आम्ही त्यांना विचारून ठरवल्या आहेत. कोणाला दमा असेल, कोणाला केसांची अ‍ॅलर्जी असेल, कोणाच्या घरी तान्हे बाळ असेल. यांतील प्रत्येक प्रश्नाला उत्तर काढता येते, मात्र त्यासाठी दोन घरांनी समोरासमोर बसावे लागते. सरसकट ठरावाने ते साधत नाही.

पात्रतेविषयी बोलायचेच असेल तर मोकळेपणाने बोलू. प्रत्येक चिंताग्रस्त माणसाला कुत्रा द्यावा असे मी म्हणत नाही, आणि कोणताही जबाबदार डॉक्टर तसे म्हणणार नाही. कुत्रा हा औषधाचा किंवा समुपदेशनाचा पर्याय नव्हे. चालू उपचारांना त्याची जोड मिळते, इतकेच. माझ्या समजुतीप्रमाणे तीन गोष्टी पाहिल्या पाहिजेत. उपचार करणाऱ्या तज्ज्ञाने त्या व्यक्तीला पुरेसा काळ तपासलेले असावे, आणि कुत्र्याच्या सोबतीने नेमका कोणता त्रास कमी होतो हे त्याला सांगता यावे. एका फोनवर किंवा ओळखीवर मिळालेल्या पत्राला मीसुद्धा किंमत देणार नाही. दुसरे, तो विशिष्ट कुत्रा माणसांत राहण्याच्या स्वभावाचा असावा. जो अनोळखी माणसावर धावून जातो, लिफ्टमध्ये गुरगुरतो किंवा रात्रभर भुंकतो, त्याचा घरातल्या एकाला कितीही आधार वाटत असला, तरी बाकीच्यांना त्याचा त्रास सोसायला लावता येणार नाही. तिसरी गोष्ट घराची, आणि ती बहुतेक वेळा विसरली जाते. कुत्रा दहा-बारा वर्षे, कधी त्याहून अधिक जगतो. त्याचे खाणे, लस, आजारपण आणि दोन्ही वेळचे फिरवणे हे सर्व ज्या घरात झेपणार नाही, त्या घरात रुग्णाचेही हाल होतात आणि मुक्या जनावराचेही. ज्याला स्वतःचे दोन घास खायला उठवत नाही अशा रुग्णाच्या गळ्यात, घरात दुसरे कोणी पाहणारे नसताना, कुत्र्याची जबाबदारी घालणे ही दया नव्हे. आमच्या घरी मुलगा आजारी असला तर त्याचे वडील किंवा मी चिंगीला फिरवतो. तिची नसबंदी झाली आहे, रेबीजची लस दरवर्षी टोचली जाते आणि लसीची पुस्तिका मी समितीला दाखवली आहे.

प्राण्यावरचा जीव म्हणजे काय हे या जिल्ह्याला समजावून सांगावे लागत नाही. २०२५ मध्ये नांदणीच्या मठातील माधुरी हत्तिणीला गुजरातला नेले, तेव्हा येथली माणसे हजारोंच्या संख्येने रस्त्यावर उतरली. तो प्रश्न वेगळा होता आणि त्याला अनेक बाजू होत्या. परंतु त्या वेळी माझ्याबरोबर सह्या करणारे काही शेजारी आज ठरावाच्या बाजूने आहेत, म्हणून एवढे लिहिले.

माझ्या मागण्या अशा आहेत. ज्या संस्थांनी असा दाखला मागणारा ठराव केला आहे त्यांनी तो मागे घ्यावा, आणि ज्यांच्याकडे तो विषयपत्रिकेवर आहे त्यांनी तो तेथूनच काढून टाकावा. त्याऐवजी कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येक सभासदाला, त्याच्या घरात आजार असो वा नसो, सारखे आणि पाळता येण्याजोगे नियम लावावेत: लसीकरणाची चालू नोंद, सामाईक जागेत साखळी, घाण स्वतः उचलणे, भुंकण्याविषयी तक्रार आली तर तिचा लेखी निपटारा. या नियमांचा भंग झाला तर कारवाई करावी, माझ्यावरही करावी.

ज्या सभासदाला आजारामुळे एखाद्या नियमात सवलत हवी असेल, उदाहरणार्थ मुसळधार पावसात कुत्र्याला खाली न नेता गच्चीवर नेण्याची, त्याच्याकडून उपचार करणाऱ्या नोंदणीकृत डॉक्टरचे पत्र पुरेसे मानावे. सवलत का हवी एवढेच त्या पत्रात असावे. निदान आणि औषधे त्यात मागू नयेत. पत्र सचिवांनी एकट्याने पाहून परत करावे. त्याची प्रत फाइलला लागू नये, ते सभेत वाचले जाऊ नये आणि गटावर तर मुळीच टाकले जाऊ नये. माझ्या मुलाविषयी गटावर लिहिला गेलेला मजकूर काढून टाकावा, हीदेखील माझी मागणी आहे.

शहरातील मनोविकारतज्ज्ञांना विनंती आहे की अशी पत्रे देताना हात आखडता घ्यावा आणि दिलेल्या पत्रामागे ठामपणे उभे राहावे. एक उथळ पत्र दहा खऱ्या रुग्णांचे नुकसान करते. सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयाला या पत्राची प्रत पाठवत आहे. २०१५ च्या सूचना सर्व संस्थांच्या निदर्शनास आणाव्यात आणि असे ठराव टिकतात का याविषयी लेखी खुलासा करावा, एवढीच त्यांच्याकडे मागणी आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९अ खाली शासन पुनर्विकासासारख्या विषयावर संस्थांना निर्देश देते. याही विषयावर ते द्यावेत असा प्रस्ताव पुण्याच्या सहकार आयुक्तांकडे पाठवता येईल.

आमच्या संस्थेच्या ठरावातील मुदत जूनच्या अखेरीस संपते, म्हणजे ऐन पावसाच्या तोंडावर. ती मुदत निदान स्थगित केल्याचे पत्र मला जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मिळावे. ते न मिळाल्यास मी उपनिबंधकांकडे रीतसर तक्रार दाखल करणार आहे आणि त्या सुनावणीला, मुलाचे नाव व निदान उघड न करता, मी स्वतः हजर राहीन.

आपली नम्र,
एक सभासद, एका मुलाची आई
कोल्हापूर